याचिकाकर्त्याच्या पदरात काय पडले?

1960 साली पुण्याचा ‘सकाळ’ सात नव्या पैशांना मिळे. आठवड्यातले पाच दिवस सहा पाने, एक दिवस चार पाने आणि रविवारचा अंक निराळा. त्या वर्षी केंद्र सरकारने आदेश काढला की, कोणत्या किमतीला वृत्तपत्राने किती पाने द्यायची हे यापुढे सरकार ठरवणार. मोठ्या भांडवलाच्या पत्रांनी स्वस्तात जास्त पाने देऊन लहान पत्रांना गिळू नये, असा त्यामागचा हेतू सांगण्यात आला, आणि तो काही वाईट नव्हता. पण नानासाहेब परुळेकरांच्या ‘सकाळ’पुढे पेच उभा राहिला. पाने वाढवायची तर किंमत वाढवणे भाग, किंमत वाढली की खप घसरणार आणि खप सांभाळायचा तर मजकुराला कात्री लागणार. ‘सकाळ’ची कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्यासोबत ‘सकाळ’च्या दोन वाचकांनीही स्वतंत्र याचिका दाखल केल्या.

सप्टेंबर 1961 मध्ये न्या. मुधोळकर यांनी लिहिलेला निकाल आला. वृत्तपत्र हा धंदा आहे आणि धंद्यावर जनहितासाठी बंधने घालता येतात, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. वृत्तपत्र धंदा असेलही. पण ते विचार पोहोचवण्याचे साधन आहे, आणि अभिव्यक्तीवर कोणकोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतील ती कारणे घटनेच्या कलम 19(2) मध्ये मोजून दिलेली आहेत. ‘सर्वसाधारण जनहित’ हे कारण त्या यादीत नाही. पानांवर मर्यादा घालणे किंवा खप कमी होईल अशी तजवीज करणे म्हणजे अभिव्यक्तीलाच हात घालणे होय. ज्या तरतुदीखाली आदेश निघाला ती आणि तो आदेश, दोन्ही घटनाबाह्य ठरले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात भाषणस्वातंत्र्य एका ओळीत उरकते. ते पानांच्या आणि पैशांच्या हिशेबापर्यंत पोहोचते, हे या खटल्याने दाखवून दिले.

इथे याचिकाकर्ता जिंकला. मूलभूत हक्कांच्या इतिहासात असे नेहमी घडत नाही. ज्यांच्या नावाने एखादे तत्त्व वकिलांच्या आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले आहे, त्यांतल्या कित्येकांच्या पदरात स्वतःसाठी फारसे काही पडले नाही. कोणाची जमीन गेली ती गेलीच, कोणाची झोपडी पाडली गेली, तर कोणी खटला जिंकल्यावर संसदेने घटनाच दुरुस्त केली. या निकालांची ओळख करून घेताना म्हणून दोन हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात. एक, न्यायालयाने काय तत्त्व सांगितले. दुसरा, ज्याने दार ठोठावले त्याचे पुढे काय झाले. पहिला हिशेब पाठ्यपुस्तकांत सापडतो, तर दुसऱ्यासाठी निकालपत्राची शेवटची पाने आणि त्यानंतरची वर्षे चाळावी लागतात.

मूलभूत हक्क घटनेच्या तिसऱ्या भागात आहेत, कलम 12 ते 35. समता, स्वातंत्र्य, शोषणापासून संरक्षण, धर्मस्वातंत्र्य, अल्पसंख्याकांचे सांस्कृतिक आणि शैक्षणिक हक्क, असा त्यांचा क्रम. पण यादीला बळ येते ते दोन कलमांमुळे. या हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्यवत ठरतो, असे कलम 13 सांगते. आणि हक्कावर गदा आल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, असे कलम 32 सांगते. एकच कलम सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडायचे झाले तर आपण हेच निवडू, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत सांगितले होते. उच्च न्यायालयांना कलम 226 खाली असेच अधिकार आहेत, आणि महाराष्ट्रातले कित्येक महत्त्वाचे प्रश्न मुंबई, नागपूर, औरंगाबादच्या खंडपीठांपुढेच प्रथम आले.

घटना लागू झाल्यावर चार महिन्यांतच कलम 32 ची परीक्षा झाली. मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली. संपादक रोमेश थापर थेट दिल्लीला गेले, तेव्हा आधी उच्च न्यायालयात का गेला नाहीत, असा आक्षेप सरकारने घेतला. मूलभूत हक्कांचा रखवालदार म्हणून नेमलेल्या न्यायालयाला असे हात झटकता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 1950 मध्ये स्पष्ट केले आणि बंदीचा आधार असलेली तरतूदच रद्द केली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यात मद्रास सरकारचा जातवार जागावाटपाचा आदेश रद्द झाला. गंमत म्हणजे, ज्या वैद्यकीय प्रवेशावरून हे सारे घडले त्यासाठी त्यांनी प्रत्यक्ष अर्जही केलेला नव्हता.

दोन्ही निकालांना उत्तर मिळाले जून 1951 मध्ये. पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचे कारण म्हणून घातले, मागासवर्गीयांसाठी खास तरतूद करण्याची मुभा देणारे कलम 15(4) आणले आणि जमीनसुधारणांचे कायदे न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्यासाठी नववे परिशिष्ट जोडले. न्यायालय आणि संसद यांच्यातली ओढाताण तिथून सुरू झाली. संसदेने घटनेत हवा तो बदल करायचा ठरवला तर तिला अडवणारे कोणी आहे का, हा त्यातला मुख्य प्रश्न होता.

1951 मध्ये न्यायालयाने ‘नाही’ म्हटले. 1964 मध्येही बहुमत तेच म्हणाले, पण न्या. हिदायतुल्ला आणि न्या. मुधोळकर यांनी शंका नोंदवली. घटनेचे एखादे मूलभूत वैशिष्ट्यच बदलले, तर त्याला दुरुस्ती म्हणायचे की नवी घटना लिहिणे म्हणायचे, असा प्रश्न मुधोळकरांनी टाकला. 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायमूर्तींपैकी सहांनी ठरवले की मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. पण हा नियम पुढच्या काळासाठी लागू, जुन्या दुरुस्त्या कायम, अशी पुस्ती सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी जोडली. परिणामी पंजाबातल्या ज्या गोलकनाथ कुटुंबाने आपल्या जमिनीसाठी हा लढा दिला, त्याच्या हाती काही लागले नाही.

मग आला केशवानंद भारती खटला. केरळच्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे हे प्रमुख. मठाच्या जमिनी केरळच्या जमीनसुधारणा कायद्यात जाणार म्हणून त्यांनी 1970 मध्ये याचिका केली. 31 ऑक्टोबर 1972 रोजी सुनावणी सुरू झाली ती 68 दिवस चालली. तेरा न्यायमूर्ती बसले. त्याहून मोठे पीठ आजवर बसलेले नाही. केशवानंदांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते आणि केरळच्या बाजूने एच. एम. सीरवाई. दोघेही मुंबईच्या वकिलीतले दिग्गज. 24 एप्रिल 1973 रोजी अकरा निकालपत्रे वाचली गेली. सात विरुद्ध सहा अशा बहुमताने ठरले की संसद घटनेतले कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, मूलभूत हक्कांचेसुद्धा. मात्र घटनेची मूलभूत चौकट तिला मोडता येणार नाही. न्या. एच. आर. खन्ना यांच्या मताने पारडे फिरले. निष्कर्षांच्या सारांशावर तेरापैकी नऊ जणांनीच सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश नेमल्याचे जाहीर झाले.

मठाच्या जमिनीबाबत केशवानंदांना दिलासा मिळाला नाही. ज्या घटनादुरुस्तीने केरळचा कायदा नवव्या परिशिष्टात घातला, ती वैध ठरली. पण त्यांच्या नावाचा निकाल 1975 मध्ये पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयाबाहेर ठेवणारी दुरुस्ती रद्द करायला उपयोगी पडला, 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात पुन्हा उभा राहिला, आणि त्याच वर्षी वामनराव खटल्यात त्याची तारीखच सीमारेषा बनली. महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यावरून झालेल्या त्या खटल्यात ठरले की 24 एप्रिल 1973 नंतर नवव्या परिशिष्टात घातलेला कायदा मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येईल. जमीन गमावलेल्यांच्या खटल्यांतून असा संसदेच्या अधिकाराचा बांध आखला गेला.

कलम 21 ची वाट आणखी वळणाची आहे. कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, एवढेच ते म्हणते. 1950 मध्ये कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी आपल्या स्थानबद्धतेला आव्हान दिले, तेव्हा बहुमताने ही ओळ शब्दशः वाचली: कायदा आहे, पद्धत पाळली आहे, मग प्रश्न मिटला. पद्धत न्याय्य आहे का, हे पाहण्याचे काम न्यायालयाचे नाही. न्या. फजल अली यांनी मात्र हक्क असे सुटे सुटे वाचता येत नाहीत, असे वेगळे मत लिहिले.

त्या अरुंद वाचनाची किंमत आणीबाणीत कळली. 27 जून 1975 च्या आदेशाने कलम 14, 21 आणि 22 यांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतील असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयात जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखला जाणारा खटला उभा राहिला. 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला: आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. चौघांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. एकटे पडलेले न्या. खन्ना. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 20 आणि 21 आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी व्यवस्था केली. म्हणजे जे न्यायालयात हरले ते संसदेने दुरुस्त केले. पहिल्या दुरुस्तीच्या नेमके उलट. त्याच वर्षी जानेवारीत मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात न्यायालयाने गोपालनची भिंत पाडली. पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, आणि कलम 14, 19, 21 एकत्र वाचली पाहिजेत, असे ठरले. पासपोर्ट जप्तीचा आदेश मात्र न्यायालयाने रद्द केला नाही. म्हणणे ऐकून घेऊ, या सरकारच्या हमीवर प्रकरण मिटवले. 2017 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेत नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले. 1976 च्या निकालाला त्यात मूठमाती मिळाली आणि ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत यशवंत चंद्रचूडांचे पुत्र धनंजय होते. पण पुट्टस्वामींची मूळ तक्रार ‘आधार’विरुद्ध होती. 2018 मध्ये काही तरतुदी वगळून ‘आधार’ टिकले.

मनेका खटल्यानंतर न्यायालयाची दारे आणखी उघडली. मुंबईच्या पोलीस कोठड्यांत स्त्रियांना मारहाण होते, हे पत्रकार शीला बारसे यांनी पत्राने कळवले आणि ते पत्रच याचिका मानले गेले. 1983 च्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, स्त्री पोलिसांची उपस्थिती, अटकेचे कारण लगेच सांगणे, कायदेशीर मदत समितीला कळवणे, असे निर्देश दिले.

मुंबईच्याच फुटपाथवरून दोन वर्षांनी ऑल्गा टेलिस निकाल आला. जुलै 1981 मध्ये, भर पावसात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या आणि झोपडपट्टीतल्या लोकांना उठवून त्यांच्या गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारी माणसे न्यायालयात गेली. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, कारण उपजीविका काढून घेतली की जगणेच काढून घेतले जाते. जगभरच्या घटनातज्ज्ञांनी हे वाक्य उचलले. त्याच निकालात असेही ठरले की फुटपाथ हे चालण्यासाठी असतात, तिथे राहण्याचा हक्क कोणाला नाही, आणि अतिक्रमण हटवण्याचा महापालिकेचा अधिकार वैध आहे. 1976 च्या गणनेची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा आणि पाऊस संपेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत मुदत, एवढे पदरात पडले. निवाऱ्याच्या हक्काबद्दल पुढे जे जे बोलले गेले त्याला हा निकाल आधार ठरला. ज्यांनी तो मागितला त्यांच्या हाती आली ती मुदत.

समतेच्या क्षेत्रात आकडे बोलतात. आरक्षणाची 50 टक्क्यांची रेषा आज महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ती प्रथम आखली 1962 च्या बालाजी खटल्यात, म्हैसूर सरकारचे 68 टक्के आरक्षण रद्द करताना, आणि निकाल लिहिला होता साताऱ्याच्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. नोव्हेंबर 1992 मध्ये इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ती पक्की केली. त्या याचिका मंडल आयोगानुसार इतर मागासवर्गीयांना दिलेल्या आरक्षणाविरुद्ध होत्या, तरी 27 टक्के आरक्षण टिकले. सोबत त्यांच्यातला सुस्थितीतला, उन्नत स्तर वगळण्याची अट आली. महाराष्ट्राने 2018 मध्ये मराठा समाजासाठी 16 टक्क्यांचा कायदा केला. उच्च न्यायालयाने तो शिक्षणात 12 आणि नोकऱ्यांत 13 टक्क्यांवर आणून मान्य केला, आणि 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पुढच्याच वर्षी आर्थिक दुर्बलांच्या 10 टक्क्यांना तीन विरुद्ध दोन मतांनी मान्यता मिळाली, तेव्हा 50 ची रेषा अभेद्य नाही, असे बहुमताने म्हटले. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने 10 टक्क्यांचा नवा कायदा केला. साठ वर्षांपूर्वीचे एक वाक्य अजून विधानसभेत आणि रस्त्यावर वाद घडवते आहे.

कधी निकाल एक असतो आणि त्यातली कारणमीमांसा भलतीकडेच जाते. मुंबई राज्याच्या 1946 च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याला नरसू अप्पा माळी खटल्यात आव्हान मिळाले. 1951 मध्ये न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. हिंदू स्त्रियांच्या दृष्टीने हा विजय होता. पण व्यक्तिगत कायदे कलम 13 च्या कसोटीत येत नाहीत, असेही त्यांनी म्हटले. कुटुंबातल्या विषमतेविरुद्ध समतेचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांना पुढची कित्येक दशके हेच वाक्य आडवे आले.

मंदिराच्या चौथऱ्यावर मात्र कायदा लवकर चढला, कारण तो आधीच लिहिलेला होता. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना बंदी असल्याबद्दल विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. पूजास्थानी प्रवेशासंबंधीचा राज्याचा 1956 चा कायदा साठ वर्षे पुस्तकात पडून होता. त्याची अंमलबजावणी करण्याची जबाबदारी सरकारची, असे एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने बजावले, आणि त्याच महिन्यात गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला. ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याच्या आतल्या भागातली बंदीही त्याच न्यायालयाने उठवली.

उलट उदाहरण पालघरचे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्याबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ त्यामुळे देशभर चर्चेत आले. श्रेया सिंघल या तरुणीने त्याला आव्हान दिले आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम संदिग्ध आणि घटनाबाह्य म्हणून रद्द केले. तरी पोलीस ठाण्यांत त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. 2021 मध्ये हे पुढे आल्यावर न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले. अखेर ऑक्टोबर 2022 मध्ये अशा खटल्यांपासून लोकांना मोकळे करण्याचे आदेश द्यावे लागले. दिल्लीत रद्द झालेले कलम तालुक्याच्या ठाण्यात मरायला सात वर्षे लागली.

वेळेचा हिशेबही या वाचनात धरावा लागतो. मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींच्या मालकांनी म्हाडा कायद्यातल्या संपादनाच्या तरतुदींविरुद्ध 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठले. प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होते का, या त्यातल्या प्रश्नाचे उत्तर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडून मिळाले ते 5 नोव्हेंबर 2024 रोजी. बहुमताने सांगितले की तसे सरसकट म्हणता येणार नाही. तेवढ्या काळात मालक आणि भाडेकरू यांची एक पिढी उलटली.

या निकालांचा अभ्यास आता इंग्रजीवाचून अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकालांची भाषांतरे उपलब्ध होऊ लागली आहेत आणि त्यांत मराठी आहे. यंत्राच्या मदतीने केलेल्या भाषांतरात ठेच लागते, म्हणून शंका आली की मूळ निकाल शेजारी ठेवावा. नवख्या वाचकाने ऑल्गा टेलिसपासून सुरुवात केली तर सोपे जाईल. प्रथम फुटपाथवरच्या माणसांची हकीकत वाचावी, मग उपजीविकेवरचे परिच्छेद, आणि शेवटी आदेश. तिन्ही वेगवेगळे वाचले की कोणते वाक्य पुढच्या खटल्यांनी उचलले आणि कोणते महापालिकेने, हे आपोआप दिसू लागते. तीच रीत घेऊन मग गोपालन, केशवानंद आणि पुट्टस्वामी यांच्याकडे वळावे. मतभेदाची निकालपत्रे वगळू नयेत, कारण फजल अली, मुधोळकर आणि खन्ना यांनी जे एकट्याने किंवा अल्पमतात लिहिले, त्याकडे न्यायालय पुढे स्वतःच वळले आहे.